दर शनिवारचा दर

आमच्या आक्काचं घर उताराच्या तळाशी. वरून येणारा रस्ता टेकडीचा खांदा ओलांडतो, खडीच्या खाणीला वळसा घालतो आणि धापा टाकत तिच्या दारात येऊन पडतो. खरं तर तिथून तो पुढे गावात शिरतो. पण आक्काच्या लेखी रस्ता तिच्या दारातच संपायचा. पुढचा होता तो इतर लोकांच्या सोयीसाठी.

आक्का शिवणकाम करते. मशीन खिडकीशी. पाय खाली, डोळे सुईवर आणि कान वर टेकडीच्या खांद्यावर. बोलायला ती सुईपेक्षा बारीक टोचते. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "आक्का, सदरा कधी होईल?" तर म्हणाली, "कापड पुरलं तर उद्या. तुम्ही जेवण आवरतं घेतलंत तर आजच." तो गेला, पण सदरा तिच्याकडेच शिवला. तिच्या हाताची शिवण उसवत नाही हे पंचक्रोशीला माहीत होतं.

दाजी म्हणजे तिचे यजमान, ते बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर. कारखाना दोन टेकड्या ओलांडून शहरात. काचेची भट्टी एकदा पेटवली की विझवायची सोय नसते. विझली तर आतली काच थिजून भट्टीच कामातून जाते. म्हणून तिथल्या माणसांना पाळ्या असतात आणि पाळीला माणसं बांधलेली असतात. दाजी आठवडाभर तिथंच, कामगारांच्या एका लांबलचक खोलीत, दहाजणांच्या घोरण्यात झोपायचे. शनिवारी दुपारी सुटले की मोटारसायकलला टाच मारायची आणि घरी यायचं.

लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगा कमावतो किती, घर केवढं, खोड काय, हे सगळं मोठ्यांनी विचारून झालं होतं. आक्का तोवर गप्प. मग एकदम म्हणाली, "घरी कधी येणार?"

चुलतीनं तिला कोपरानं ढोसलं. "मुलीच्या जातीनं असं विचारतात होय?"

"विचारू दे," आई म्हणाली. "नांदायचं तिला आहे, तुला नाही."

दाजी बोलायला भारी कंजूष. त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आटलेल्या विहिरीतून घागर भरायची. त्यांनी बराच वेळ चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दर शनिवारी."

एवढ्या दोन शब्दांवर आक्कानं संसार मांडला.

आणि दाजींनी ते शब्द पाळले, हे सांगायला पाहिजे. त्यांच्या गाडीच्या सायलेन्सरला भोक होतं. टेकडीच्या खांद्यावर आली की ती आधी खोकायची, मग खाणीच्या वळणावर गुरगुरायची आणि दारात येऊन फटफट करत गप्प व्हायची. आक्काचा सगळा स्वयंपाक त्या आवाजावर बेतलेला. खोकला ऐकला की कांदा परतायला टाकायचा. गुरगुर आली की आंघोळीचं पाणी उतरवायचं. फटफट थांबली की मशीनवर जाऊन बसायचं आणि एखादं कापड सुईखाली सरकवून असं शिवत राहायचं, की कोण आलंय याचा हिला पत्ताच नाही. दाजी आत आले की मान वर न करता म्हणायची, "आलात होय?"

मी तिच्या पाठीमागे बसून हे सोंग किती वेळा पाहिलंय. एकदा तर सुईत दोरा नव्हता. तरी ती शिवत होती.

आता पेट्रोलचं. तोवर पेट्रोलचा भाव सरकारच्या मुठीत होता. परमुलखात तेल महागलं तरी सरकार मधला खड्डा तिजोरीतून भरायचं आणि आपल्याकडे भाव दाव्याला बांधलेल्या खोंडासारखा एका जागी रवंथ करत बसलेला असायचा. मग तिजोरी दमली म्हणाले. एक दिवस सरकारनं दावं सोडलं. यापुढं बाजार ठरवील तो भाव, आणि तोही रोज सकाळी नवा. खोंड सुटलं म्हटल्यावर ते कुणाच्या शेतात शिरणार हे सांगायला ज्योतिषी नको.

"आपण कुठं पेट्रोल पितो?" चुलती म्हणाली. "गाडीवाल्यांचं मरण. आपल्याला काय त्याचं?"

एका महिन्यात तिला कळलं की आपण पेट्रोलच पितो आणि डिझेलच खातो. पिठाची गिरणी डिझेलवर, तिनं दळणाचा भाव चढवला. दूध टेम्पोनं यायचं, ते पातळ आणि महाग अशा दोन्ही गुणांनी यायला लागलं. कांदे-बटाटे ट्रकनं येतात, साबण ट्रकनं येतो, आक्काची दोऱ्याची रिळंसुद्धा ट्रकनंच येतात. नवं शिवायला टाकणारी माणसं जुनंच आत-बाहेर करून न्यायला लागली.

"ही विजार कमरेत आत घे," आमचा पोस्टमन म्हणाला.

"बारीक झालात?"

"चालतोय. गाडी भिंतीला टेकवून ठेवली."

"मग सरकारचे आभार माना. वैद्याला जमलं नव्हतं ते त्यांनी करून दाखवलं."

त्याच सुमाराला आणखी एक फर्मान निघालं. ज्याच्या घरी गाडी, त्याला स्वयंपाकाच्या गॅसची सवलत नाही. दाजींची खोकणारी गाडी आणि कुणाची काळ्या काचांची मोटार, सरकारी नजरेत दोन्ही गाड्याच. म्हणजे गाडी ठेवावी तर चूल महाग, आणि चूल राखावी तर गाडी जाते. आक्कानं मागच्या अंगणात तीन दगड मांडले आणि निम्मा स्वयंपाक लाकडांवर आणला. शनिवारचा तेवढा गॅसवर. कारण लाकडाची चूल गाडीच्या खोकल्यावर पेटत नाही, तिला आधीपासून फुंकत बसावं लागतं.

पण शनिवारच विरळ व्हायला लागले. बसचं तिकीटही डिझेलपाठोपाठ चढलेलं. आधी एकाआड एक झाले. मग पगार होईल तो शनिवार तेवढा राहिला. आक्का फोन करायची.

"येताय का?"

"बघतो."

आमच्याकडे 'बघतो' हा 'नाही'चा धाकटा भाऊ आहे. थोरल्याइतका उद्धट नसतो एवढंच. आक्का फोन ठेवायची आणि म्हणायची, "एका दरानं दुसरा दर खाल्ला."

मला आधी कळलं नाही. "म्हणजे काय गं?"

"पेट्रोलचा दर वाढला आणि 'दर शनिवार'मधला दर गेला. नुसता शनिवार राहिला. तो काय, सगळ्यांकडेच येतो."

तरी शनिवारी ती कांदे चिरून ठेवायचीच. एकदा मी म्हटलं, "दाजी आज येणार नाहीत ना?"

"नाही."

"मग कांदे कुणासाठी?"

"कांद्यांसाठीच. पडून कुजतील."

मग मीच जेवायला बसलो. तिनं मला पहिला घास घेऊ दिला आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे?" मी हो म्हटलं. तिनं मान हलवली. पण ते मीठ माझ्या जिभेसाठी टाकलेलंच नव्हतं. दाजींना कमी लागतं.

अशात एका पगाराच्या शनिवारी ती मशीनवर बसली होती. कान टेकडीवर लावलेले. खोकला नाही, गुरगुर नाही. आणि एकदम दारात उजेड अडला. मान वर केली तर दाजी उभे. आक्काच्या हातातली कात्री पडली.

"गाडी कुठंय?"

"ही काय."

"आवाज नाही आला."

"वरच बंद केली. उतार आहे. आपोआप येते, फुकटात."

"फुकटात येते, पण मला कळत नाही."

"कळायचं काय त्यात? येतो ना दारात."

"चोरासारखे येता."

दाजी चपला काढत म्हणाले, "चोरच म्हण."

"चोराचं बरं असतं. तो कधीही येईल अशी धास्ती तरी असते. तुमची तीही नाही."

दाजींनी हातपाय धुतले. आज पाणी गार होतं आणि कांदा कच्चा होता, कारण खोकल्याशिवाय तिनं गॅसवर काहीच चढवलं नव्हतं. ते भिंतीला टेकून बसले. "उतारभर इंजिन चालू ठेवायचं म्हणजे चमचाभर पेट्रोल नुसतं तुझ्या कानाला पाजायचं."

"पाजा की. आजाऱ्याला पाजतातच चमच्यानं."

वाटलं, संपलं. मग दाजींनी हळूच सांगितलं, "असे चमचे साठवले की एक शनिवार निघतो."

आक्काला उत्तर सुचू नये ही आमच्या घराण्यातली मोठी घटना. ती उठली आणि कांदा परतायला लागली, आणि धूर झाला म्हणून बराच वेळ डोळे पुसत राहिली. त्या दिवशी गॅस होता, धूर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाजी परत गेल्यावर तिनं मशीन फिरवून घेतलं. कान आता कामाचे नव्हते, म्हणून तोंड रस्त्याकडे केलं. उजेड पाठीवर पडायला लागला आणि तिची सावली तिच्याच शिवणीवर. आयुष्यात पहिल्यांदा तिचा एक सदरा बाहीपाशी वाकडा गेला. गिऱ्हाईक काही बोललं नाही. आक्कानंच तो उसवला आणि पुन्हा शिवला. पण मशीन काही परत फिरवलं नाही.

त्यानंतर तिला बातम्यांचं वेड लागलं. ज्या बाईला मंत्री कोण आणि संत्री कोण हे ठाऊक नव्हतं, ती तेलाच्या विहिरी कुठल्या मुलखात, कुणाचं कुणाशी बिनसलं, जहाज कुठं अडलं, हे कानात प्राण आणून ऐकायला लागली. त्यातलं तिला निम्मंच कळायचं, आणि कळायचं तेही ती आपल्या मापानं बेतून घ्यायची. दोन देशांचा तह झाला की तिच्या हिशेबी दाजी एका शनिवारानं जवळ यायचे. कुठं तोफ उडाली की लांब जायचे. अधूनमधून ती चालत फाट्यावरच्या पंपावर जायची. तिथला माणूस तिला ओळखून होता.

"आक्का, गाडी नाही, डबा नाही. काय घेणार?"

"भाव."

"किती देऊ?"

"कमी करून दे."

"मी काय सरकार आहे? मी नुसती नळी धरतो."

"मग तेवढी तरी नीट धर. खाली सांडतंय."

एकदा बातमी आली, परमुलखात तेल धाडकन उतरलं. आक्कानं त्याच दुपारी अंडी आणली, दाजींना आवडतात म्हणून. दोन दिवसांनी पंपावर गेली तर आकडा जिथल्या तिथं. तेल उतरलं तेवढा सरकारनं कर चढवला होता. रस्ते बांधायचेत, तिजोरी भरायचीय, असं कारण सांगितलं.

"म्हणजे चढताना बाजार ढकलतो," ती पंपवाल्याला म्हणाली, "आणि उतरताना सरकार आडवं येतं."

"असंच काहीसं."

"आमच्या दारातल्या उतारावर नाही बसलं कधी कर घ्यायला."

"हळू बोल. ऐकतील."

अंडी तिनं आठवडाभर ठेवली. मग मला उकडून घातली.

आणि निवडणूक जाहीर झाली. काय झालं देव जाणे, पण दुसऱ्या सकाळपासून भाव हलायचा थांबला. मास्तर वर्गात आल्यावर पोरं थिजतात तसा. बाहेर तेल चढो, पडो, आपल्या पंपावर रोज तोच आकडा. वर एक दिवस सरकारनं कर थोडा कमी केला, जनतेच्या प्रेमापोटी. आणि शनिवारी दुपारी टेकडीच्या खांद्यावर कुणीतरी खोकलं.

आक्का मशीनवरून अशी उठली की खुर्ची मागं पडली. कांदा चिरता चिरता बोट कापलं. दाजी आत आले तेव्हा ती मशीनवर होती, बोटाला चिंधी, मान खाली.

"आलात होय?"

"हं."

"आवाज करत आलात."

"स्वस्त झालंय जरा."

त्या दिवसांत दाजी खरोखरच दर शनिवारी आले. आक्का गाणं म्हणत नाही, तिला येत नाही. पण मशीनचा आवाज बदलला होता. ती अंगणातल्या दगडांकडे फिरकायची नाही. शेजारणींना न मागता ब्लाउजची मापं सैल करून द्यायची. मला म्हणाली, "दरसाल निवडणूक ठेवली तर माझा संसार होईल बघ."

प्रचाराला उमेदवार दारात आला. मागं दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या तोंडावर तेच हसू, एकाच दुकानातून आणल्यासारखं. उमेदवारानं विचारलं, "ताई, काही अडचण?"

"मतदान कधी आहे?"

"पुढच्या गुरुवारी. लक्षात ठेवा."

"पुढं नाही का ढकलता येणार?"

उमेदवार गोंधळला. "का बरं?"

"तुमचं हे चालू असतं तोवर आमचे घरी येतात."

त्याला वाटलं माणूस कार्यकर्ता आहे. चेहरा उजळला. "असं होय. कुठं असतात ते?"

"बाटलीच्या कारखान्यात."

मागची माणसं फसकन हसली. एक म्हातारा म्हणाला, "साहेब, मग ते आपलेच." उमेदवारानं त्याच्याकडे डोळे वटारले आणि आक्काला म्हणाला, "ताई, आम्ही निवडून आलो की सगळं व्यवस्थित होईल."

"निवडून येऊ नका लवकर, एवढंच मागणं आहे," आक्का म्हणाली. "फिरत राहा."

मतदानाच्या आधीच्या शनिवारी कांदा उशिरा पडला. गाडी आली, पण आवाज ओळखीचा नव्हता. साफ, गुळगुळीत, कुणाच्याही गाडीचा असावा तसा. दारात थांबली तेव्हा आक्काला कळलं.

"खोकला कुठं गेला?"

"डाग मारून घेतला सायलेन्सरला."

"कशाला? चांगला होता."

"भोक चांगलं असतं होय?" दाजी म्हणाले आणि रविवारी सकाळभर गाडी पुसत बसले. चाकाच्या तारासुद्धा एकेक करून पुसल्या. आक्का मला म्हणाली, "माणूस मार्गाला लागला. गाडीची काळजी घेतोय. म्हणजे येत राहणार." मीही मान डोलावली. आम्हा दोघांचीही अक्कल तेव्हा गहाण पडली होती.

"गुरुवारनंतर कसं करायचं?" निघताना तिनं त्यांना विचारलं.

"होईल काहीतरी," दाजी म्हणाले. टाच मारली आणि गेले.

गुरुवारी मतं पडली. शुक्रवारी सकाळी भाव हलला. इतके दिवस दाबून धरलेला, तो एकदम उसळला. शनिवारी आणखी. कोण निवडून आलं हे अजून मोजायचं होतं, पण कोण पडलं ते आक्काला समजलं होतं. तिनं फोन केला नाही. 'बघतो' ऐकायची तिची तयारी नव्हती.

मी तिथंच होतो, सदऱ्याची बटणं लावून घ्यायला गेलो होतो. तिनं बटण हातात घेतलं होतं आणि नजर रस्त्यावर. वरून एक माणूस चालत येत होता. खांद्याला पिशवी, चाल जरा पाय ओढत. खाणीच्या वळणावर थांबून त्यानं चपलेतला खडा काढला.

"कोण गं तो?" मी विचारलं.

"असेल कुणी खाणीवरचा," आक्का म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिनं दाजींना त्या उतारावरून चालत येताना कधी पाहिलंच नव्हतं. ते अगदी दारापाशी आल्यावर तिनं बटण खाली ठेवलं.

"गाडी?"

"विकली."

"कधी?"

"सोमवारी. गिऱ्हाईक होतं. मतदानानंतर भाव वाढला की जुनी गाडी कोण घेतोय?"

सायलेन्सरचा डाग, तारांची पुसापुशी, सगळं आक्काच्या डोळ्यांपुढून जात असणार. दाजी पायरीवर बसले. धूळ झटकत म्हणाले, "भट्टीच्या मागच्या गल्लीत एक खोली आहे. अनामत भरली."

"कुणासाठी?"

"आपल्यासाठी."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणूनच."

मी उठायला लागलो. आक्कानं माझ्याकडे न पाहता सांगितलं, "बस. बटण राहिलंय." मग दाजींना म्हणाली, "तुम्ही यायचं असं ठरलं होतं. मी जायचं असं नव्हतं ठरलं."

दाजी त्या दिवशी जे बोलले तेवढं मी त्यांना आधी कधी बोलताना ऐकलं नाही, नंतरही नाही. म्हणाले, "ते ठरलं तेव्हा भावही ठरलेला होता. आता तो रोज सकाळी ठरतो. मी रोज सकाळी भट्टीपुढं उभा राहून हेच करतोय, या शनिवारी जमतं का, त्या शनिवारी जमतं का. डोकं शिजून निघालंय. हे वाढलं, ते घटलं, मतदान आलं, मतदान गेलं. सरकार माझ्या घरी यायचे वार ठरवतंय. मला नको ते आता. मधला रस्ताच काढून टाकला."

वर खाणीवरचे लोक घरी निघाले होते. शेवटी आक्कानं विचारलं, "खिडकी आहे?"

"आहे. भट्टीकडे."

"उजेड?"

"रात्रीसुद्धा असतो."

तिला हसू आलं, ते तिनं दातांत दोरा धरून तोडण्यात लपवलं. माझं बटण लावलं. इतकं घट्ट, की पुढे सदरा फाटला पण बटण राहिलं.

मशीन दुधाच्या टेम्पोतून गेलं. टेम्पोवाल्यानं डिझेलच्या नावानं जास्तीचे घेतले आणि आक्कानं त्याला सगळा रस्ताभर त्याच्या पातळ दुधावरून सुनावून ते वसूल केले. जाताना तिनं मला घराची किल्ली दिली. "आठवड्यातून एकदा उघडत जा. बंद घराला वास येतो."

त्या खोलीत मी पावसाळा सरल्यावर गेलो. एकच खोली, पण नीटनेटकी. खिडकीशी मशीन. भिंतीवर भट्टीचा तांबूस उजेड सारखा हलत असतो. ती भिंत एवढी कोमट असते, की ओले कपडे तिच्यालगतच्या दोरीवरच वाळतात. गल्लीतून बाटल्यांच्या हातगाड्या खळखळत जातात. आक्का आता भट्टीवरल्या माणसांना जाड कापडाचे हातमोजे शिवून देते. काम बख्खळ. गाडी विकल्यामुळे गॅसची सवलत परत मिळायला हवी होती, पण पत्ता बदलला म्हणून अर्ज कुठंतरी फिरतोय. भाडंही वाढवणार आहे म्हणाली घरमालकीण, तिला पाण्याचा पंप चालवावा लागतो ना, विजेचा दर चढलाय.

संध्याकाळ होती, शनिवारची. आक्कानं आंघोळ करून केस विंचरले होते, धुतलेलं लुगडं नेसली होती आणि दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. आत दाजी बनियनवर पालथे झोपलेले, पहाटेची पाळी करून आलेले.

"कुणाची वाट बघतेस?" मी विचारलं.

"कुणाची नाही."

"मग दारात का?"

"आत घोरतायत."

मी तिच्या शेजारी टेकलो. एक हातगाडी गेली. तिच्या मागून एक मोटारसायकल आली, गल्ली अरुंद म्हणून हळू. आक्काची मान आपोआप वळली, ती गाडी दारावरून पुढं जाईपर्यंत वळलेलीच राहिली, मग तिनं ती परत आणली.

"बरं आहे ना गं सगळं?"

"बरं आहे. दोन्ही वेळेला गरम जेवतात. भांडायला माणूस हाताशी आहे, फोनची गरज नाही. मला म्हणतात मीठ जास्त पडतं आजकाल." ती थांबली. "तिकडे असते तर अजून महिन्याकाठी एकदा दिसले असते. कळतं मला. त्यांनी केलं ते बरोबरच केलं."

"मग?"

"मग काही नाही. आता घरात असतात." पदराचं टोक तिनं बोटाभोवती एकदा गुंडाळलं. "येत नाहीत."

मी म्हटलं, "दाजींना उठवू?"

"झोपू दे. उठून तरी कुठून येणार आहेत?"

अंधारून यायला लागलं तसं तिनं मला निघायला सांगितलं, शेवटची बस चुकेल म्हणून. चपला घालता घालता मी सांगितलं की बसचं तिकीट पुन्हा वाढलंय, सारखं यायला जमणार नाही, पण पुढच्या महिन्यातल्या कुठल्या तरी रविवारी जमवतो. कुठला रविवार ते तिला सांगावं म्हणून मी मनात हिशेब करायला लागलो.

"वार सांगू नकोस," आक्का म्हणाली. "येशील तेव्हा ये. वार सांगितलास की मला बसावं लागतं."